कुत्र्याचे कूळ अंगावरून ओळखता येते काय?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय विचारला, तेव्हा त्यांची समजूत अशी होती की, आम्ही हमालीचे दर, माथाडी कायदा, किंवा फार तर सहकारी चळवळ यांपैकी काहीतरी सांगू. तीस वर्षे हमालांच्या आणि मोटार-कामगारांच्या संघटनेत काढलेल्या माणसाकडून दुसरे काय अपेक्षावे? आम्ही ‘कुत्र्याचे कूळ’ असा विषय कळविला, तेव्हा चालकांपैकी एका गृहस्थांनी फोन करून विचारले, “कूळ म्हणजे कूळकायदा ना?” आम्ही म्हटले, “नाही हो. कूळ म्हणजे आईबाप, आजा-पणजा. आणि कुत्रा म्हणजे कुत्राच.” त्यांनी विषय मान्य केला, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर, आणि रात्री गाडी भरून होईपर्यंत जो वेळ मिळतो त्या वेळात. तेव्हा प्राणिशास्त्राच्या पंडिताचे भाषण ऐकावयास मिळेल, या समजुतीने कोणी आले असतील तर त्यांनी ती सोडून द्यावी.

आम्ही राहतो वारंगा फाट्यावर. हिंगोलीहून नांदेडला जाणारा रस्ता आणि नागपूरहून यवतमाळ-हदगावमार्गे तुळजापूरकडे जाणारा रस्ता यांची तेथे गाठ पडते. गाड्या खिचडीसाठी थांबतात, टायर बघण्यासाठी थांबतात, ड्रायव्हरच्या डोळ्यांवर झापड आली म्हणून थांबतात. आणि जेथे गाडी थांबते व भाकरीचा तुकडा पडतो, तेथे कुत्री असावयाचीच. क्लीनरने कोठूनतरी उचलून केबिनमध्ये घातलेले पिल्लू फाट्यावर उतरते आणि तेथलेच होऊन जाते. मेंढरांचे वाडे येतात, त्यांच्याबरोबर राखणीची कुत्री येतात. एखाद्या बागायतदाराच्या बंगल्यातला विलायती कुत्रा रात्री साखळी सोडवून हिंडून येतो. अशा ठिकाणी जन्मलेल्या पिल्लाचा बाप कोण, हे सांगणे कठीण. परंतु सांगणारे मात्र हॉटेलच्या दर बाकावर दोघे बसलेले असतात. “कान बघा, अल्सेशियनचा आहे.” “छे, तोंड बघा, कारवानी आहे.” “जिभेवर काळा डाग आहे, म्हणजे जातिवंत.” “मागच्या पायाला जादा नख आहे, वीसनख्या आहे, अस्सल माल.” चहा थंड होतो, वाद काही थंड होत नाही.

हा वाद नुसत्या करमणुकीचा असता, तर आम्ही त्यात पडलो नसतो. चार वर्षांपूर्वी आमच्या संघटनेतील एका हमालाने आठवडी बाजारातून कारवानीचे म्हणून एक पिल्लू आणले. त्यासाठी त्याने मुकादमाकडून उचल घेतली, आणि ती फेडावयास त्याची दोन महिन्यांची मजुरी गेली. शेतावर राखण होईल, पुढे पिल्ले विकता येतील, असा त्याचा हिशेब होता. पिल्लाचे तोंड लांबट होते, पाय उंच होते, पोट आत गेलेले होते. सहा महिन्यांनी पाहावे तो कान ताठ उभे, शेपटीची पाठीवर कडी, आणि छाती आमच्या फाट्यावरच्या कोणत्याही कुत्र्यासारखी. गडी चिडला. त्याला घेऊन आम्ही विकणाऱ्याच्या गावी गेलो. विकणारा शांतपणे म्हणाला, “आई माझ्या दारात बांधलेली आहे, बघून घ्या.” बघितली. ती खरोखर चांगली कारवानी कुत्री होती. माणूस खोटे बोलत नव्हता. निम्मे बोलत होता.

तेव्हापासून आम्हाला प्रश्न पडला की, अशा आईच्या पोटचे पिल्लू तिच्यासारखे दिसत नाही, तर मग दिसण्यावरून आई-बाप ठरविणारे आपण कशाच्या आधारावर ठरवितो?

कारवानी म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. लातूर-सोलापूरकडे आणि खाली कर्नाटकातील मुधोळपर्यंत हा शिकारी कुत्रा पाळतात. काफिल्यांबरोबर तो दक्षिणेत आला म्हणून कारवानी, असे सांगतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याला आश्रय दिला, म्हणून तिकडे त्याचे नाव मुधोळ हाउंड. डोके लांब व निमुळते, छाती खोल, कंबर मुठीत मावेल अशी, कान लोंबते, शेपटी लांब. कानांवर व शेपटीवर रेशमासारखे केस असले तर त्याला पश्मी म्हणतात. डाक खात्याने ९ जानेवारी २००५ रोजी चार देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ हाउंड होता. आणि २०१६ साली भारतीय सैन्याने मेरठच्या आपल्या केंद्रात या कुत्र्यांना प्रशिक्षणासाठी घेतले. हे नाव वर्तमानपत्रांत आले आणि बाजारात दर चढला. दर चढला की नावाचा माल वाढतो. हे तुरीचे आणि हळदीचे झालेले आम्ही पाहिलेले आहे, कुत्र्याचेही तेच झाले.

आता शास्त्राकडे वळू. मेंडेल नावाच्या मठवासी साधूने आपल्या बागेत वाटाण्यांवर प्रयोग केले व १८६६ साली ते छापले, हे येथे पुष्कळांना ठाऊक असेल. त्यांतली एकच गोष्ट आपल्याला हवी आहे. आईबापांचे गुण पाण्यात दूध मिसळावे तसे पिल्लात मिसळत नाहीत. ते दाण्यांसारखे सुटे राहतात. काही दाणे वर दिसतात, काही खाली दडून बसतात, आणि नातवंडांत पुन्हा वर येतात. कुत्र्याचे आखूड केस व लांब केस घ्या. आखूड वर राहतो, लांब दडतो. त्यामुळे दोन आखूड केसांच्या कुत्र्यांना एखादे लांब केसांचे पिल्लू होऊ शकते, आणि मग गल्लीत बोभाटा होतो की, कोण्या पामेरियनने येऊन काम केले. बिचाऱ्या पामेरियनचा त्यात काही संबंध नसतो. दोघांच्याही पोटात तो दाणा पिढ्यान्‌पिढ्या पडून होता.

अमेरिकेतील बार हार्बर येथे स्कॉट आणि फुलर या दोन शास्त्रज्ञांनी पाच जातींची कुत्री पाळून वर्षानुवर्षे अभ्यास केला व १९६५ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांनी आफ्रिकेतील बसेंजी आणि लांब केसांचा, लोंबत्या कानांचा कॉकर स्पॅनियल यांचा संकर केला. पहिल्या पिढीची पिल्ले आखूड केसांची. नुसते पिल्लू पुढे ठेवून “याची आई किंवा बाप स्पॅनियल आहे” असे म्हणावयास कोणी धजणार नाही. त्या पिल्लांची आपापसांत पैदास केली की पुढच्या पिढीत दडलेले दाणे वर येतात व एकाच वेतात नाना रूपे निघतात. तेथे आईबाप लिहून ठेवलेले होते, म्हणून कळले. आमच्या फाट्यावर कोण लिहून ठेवतो?

शिवाय कुत्रीच्या बाबतीत एक गोष्ट अशी आहे, जी ऐकून पुष्कळांना नवल वाटते. एकाच वेतातील पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. माजाच्या दिवसांत कुत्रीला दोन-तीन कुत्रे लागले, तर त्रेसष्ट दिवसांच्या आसपास जी पाच-सहा पिल्ले होतात ती सगळी एका बापाची असतील असे नाही. तेव्हा “याच्या भावाचे कान पडलेले आहेत, म्हणजे याचेही पडतील” हा युक्तिवाद तेथेच संपतो.

आता आपले लोक ज्या खुणा पाहून निकाल देतात, त्या एकेक तपासून पाहू. हा भाग आम्हाला विशेष आवडतो, कारण हॉटेलातल्या बाकावर आम्ही तो पुष्कळदा घोळलेला आहे.

कान. पिल्लाचे कान पाहून काहीच सांगू नये. जातिवंत अल्सेशियनचे कानसुद्धा जन्मतः पडलेले असतात, ते काही महिन्यांनी उभे राहतात. दात येण्याच्या वेळेला एक उभा, एक पडलेला, असेही होते. तेव्हा तीन महिन्यांच्या पिल्लाच्या कानावर पैसे लावणारा माणूस मटक्यावर लावणाऱ्यापेक्षा शहाणा नाही. मोठेपणी उभे राहिले तरी काय सिद्ध होते? आपल्या गावठी कुत्र्याचे कान उभेच असतात. उभ्या कानांसाठी जर्मनीपर्यंत जाण्याचे कारण नाही.

काळे अंग आणि भुवयांवर तांबूस ठिपके. आपल्याकडे याला चार डोळ्यांचा कुत्रा म्हणतात. असे पिल्लू दिसले की लगेच कोणीतरी डोबरमनचे नाव घेतो. हा रंग गावठी कुत्र्यांतही निघतो. आणि डोबरमनविषयी तर एक गंमत आहे. चित्रातल्या डोबरमनचे कान ताठ टोकदार असतात आणि शेपटी बोटभर असते, ती निसर्गाची नव्हे, कात्रीची करणी आहे. न कापलेल्या डोबरमनचे कान लोंबतात व त्याला चांगली लांब शेपटी असते. ज्या खुणा लोक रक्तात शोधतात त्या वस्तऱ्याने केलेल्या आहेत! कापलेले अंग पुढच्या पिढीत उतरत नाही, हे एकोणिसाव्या शतकात वाइझमान या जर्मन शास्त्रज्ञाने उंदरांच्या शेपट्या कापून दाखविले. पाच पिढ्यांत ९०१ पिल्ले झाली. एकही बिनशेपटीचे किंवा आखूड शेपटीचे निघाले नाही.

आखूड पाय. डॅशहुंडासारखे बुटके पाय असलेला, पण अंगाने मोठा कुत्रा आपण कधीकधी पाहतो. त्याचे कारण २००९ साली सापडले. एका विशिष्ट जनुकाची एक जादा प्रत अंगात आली की पायांची हाडे लवकर वाढावयाची थांबतात. एक प्रत पुरे. तेव्हा पणज्यापैकी एखादा बुटका असला, तरी ती प्रत हातोहात उतरत येऊन पणतू बुटका दिसेल, आणि बाकीच्या अंगात त्या पणज्याचे फारच थोडे उरलेले असेल. उलट, ज्याच्यात त्या पणज्याचा वाटा अधिक आहे असा भाऊ उंच पायांचा असू शकेल. जो अधिक दिसतो तो अधिक आहे, हा हिशेब येथे चुकतो.

केसांचेही तसेच. आखूड, लांब, कुरळे, दाढी-मिशांचे, असे विलायती कुत्र्यांच्या केसांचे बहुतेक सगळे प्रकार केवळ तीन जनुकांच्या उलटापालटीने घडतात, असे त्याच २००९ साली दाखविण्यात आले. अंगाचा आकार लहान राहण्यात एका जनुकाचा मोठा वाटा आहे, हे त्याआधी दोन वर्षे कळले होते. मागच्या पायाचे जादा नख, ज्यावर आपले लोक ‘वीसनख्या’ म्हणून दर वाढवितात, तेही अशाच एखाद्या ठिकाणच्या बदलाने येते आणि धनगराच्या कुत्र्यात येते तसे उकिरड्यावरच्या कुत्र्यातही येते. जिभेवरचा काळा डाग म्हणजे अंगावरच्या तिळासारखा. छातीवरचा पांढरा टिळा, पांढरे पंजे हेही कोणत्या एका जातीच्या मालकीचे नाहीत.

कुत्र्याच्या अंगात सुमारे वीस हजार जनुके आहेत. गुणसूत्रांच्या एकूणचाळीस जोड्या आहेत. आपल्याला बाहेरून जे दिसते, म्हणजे कान, शेपूट, केस, रंग, उंची, ते त्यांतल्या मूठभर जनुकांचे काम. दुकानाच्या खतावणीत वीस हजार ओळी आहेत, आणि आपण वरच्या दहा ओळी वाचून वर्षाचा नफा सांगतो. असा हिशेबनीस कोणत्या बाजार समितीत टिकेल?

काहीच ओळखता येत नाही, असे मात्र आमचे म्हणणे नाही. पहिल्या पिढीत कारवानीचे रक्त असले तर खोल छाती व बारीक कंबर पुष्कळदा लपत नाही. तोंड फारच चपटे असेल तर बुलडॉगाच्या बाजूचे कोणीतरी असण्याचा संभव मोठा. जुना धनगर हात फिरवून जे सांगतो त्यात अर्थ असतो. परंतु तो नुसते अंग पाहत नाही. त्याला ठाऊक असते की, गेल्या पावसाळ्यात कोणाचा वाडा कोठे उतरला होता आणि कोणाचा कुत्रा मोकळा होता. त्याचे अर्धे ज्ञान डोळ्यांत नसून ओळखीपाळखीत आहे. शहरात पिंजऱ्यापुढे उभा राहून निकाल देणाऱ्याजवळ ते नसते.

अशा निकालांची परीक्षाच अमेरिकेत झाली. व्हिक्टोरिया वॉइथ या पशुवैद्यक विदुषीने २००९ साली अनाथ कुत्र्यांच्या आश्रमांतून दिलेली वीस मिश्र कुत्री घेऊन आश्रमाने लिहिलेली जात आणि रक्ताच्या तपासणीतून निघालेली जात ताडून पाहिली. बहुतेक कुत्र्यांच्या बाबतीत मेळ बसेना. मग २०१३ साली तिने व तिच्या सहकाऱ्यांनी त्या वीस कुत्र्यांची चित्रफीत नऊशेहून अधिक लोकांना दाखविली. हे लोक रस्त्यावरचे नव्हते; कुत्र्यांशी ज्यांचे रोजचे काम असे पशुवैद्य, शिक्षक, आश्रमांचे सेवक होते. वीसपैकी फक्त सात कुत्र्यांच्या मुख्य जातीविषयी निम्म्याहून अधिक लोकांचे एकमत झाले. आणि त्या सातांतही तिघांच्या बाबतीत ते एकमत तपासणीशी जुळले नाही. बहुमत झाले म्हणजे खरे ठरत नाही, हे संघटनेच्या सभा चालविणाऱ्या आमच्यासारख्यालाही ऐकून घ्यावे लागते.

महाराष्ट्रातले एक उदाहरण याच्या उलट बाजूचे आहे, आणि ते आम्हाला फार शिकविणारे वाटते. पुण्याजवळच्या माळरानांवर काम करणाऱ्या द ग्रासलँड्स ट्रस्ट या संस्थेच्या मंडळींना लांडग्यांच्या कळपात वेगळ्याच रंगाची जनावरे दिसली. पाहताक्षणी शंका आली की, यात कुत्र्याचे रक्त असावे. ही मंडळी शंकेवर थांबली नाहीत. त्यांनी नमुना मिळविला, बंगळूरच्या संशोधकांकडून जनुकांची तपासणी करविली, आणि २०२३ साली पुराव्यासह प्रसिद्ध केले की, तो लांडगा-कुत्र्याचा संकरच होता. दिसण्याचा उपयोग इतकाच, की संशय घ्यावा. आमच्याकडे मात्र राखाडी रंगाचा, दांडगा गावठी कुत्रा दिसला की “लांडग्याची औलाद” म्हणून मोकळे होतात. आणि एकदा असे म्हटले की त्याला काठी घालावयास कोणाला परवानगी विचारावी लागत नाही.

गावठी हा शब्द आला, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर बोलतो. आपल्या मनात अशी समजूत खोल बसलेली आहे की, आधी शुद्ध जाती होत्या, त्या बिघडल्या, एकमेकींत कालवल्या, आणि त्या काल्यातून हा रस्त्यावरचा कुत्रा निघाला. वस्तुस्थिती बरोबर उलटी आहे. कुत्र्यांचे पहिले मोठे प्रदर्शन इंग्लंडात १८५९ साली भरले, लंडनचा केनेल क्लब १८७३ साली निघाला, आणि आज ज्या जातींच्या नावाने पिल्ले विकली जातात त्यांतल्या पुष्कळ जाती त्या सुमारास वंशावळीच्या वह्यांत बंद करून घडविलेल्या आहेत. दाराशी बसणारा कुत्रा त्यांच्यापेक्षा हजारो वर्षांनी जुना. २००९ साली आफ्रिकेतील इजिप्त, युगांडा व नामिबिया या देशांतील खेड्यांतल्या कुत्र्यांची तपासणी झाली, तेव्हा असे आढळले की, त्यांतली बहुतेक कुत्री विलायती जातींची भेसळ नसून तेथलीच जुनी, स्वतंत्र पैदास आहेत. मध्यम अंग, आखूड केस, उभे कान, वर वळलेली शेपटी. आपल्या गावठीचे वर्णन याहून निराळे आहे काय? तेव्हा खेड्यातल्या गावठी कुत्र्याकडे बोट दाखवून “हा कशाकशाचा मिश्र आहे?” असे विचारणे म्हणजे ज्वारीला “तू गव्हाची आणि मक्याची मिळून झालीस काय?” असे विचारण्यासारखे आहे. तो मिश्र नसून मूळचा आहे. शहरांत आणि आमच्या फाट्यासारख्या ठिकाणी त्यात विलायती रक्त उतरले आहे हे खरे, पण म्हणून मूळ पुसले जात नाही.

येथे रक्ताच्या तपासणीविषयीही सावध केले पाहिजे. गालाच्या आतला कापूस पाठविला की डी.एन.ए. तपासून टक्केवारीचा कागद हातात देणाऱ्या कंपन्या आहेत. २००५ साली कुत्र्याचा संपूर्ण जनुक-आराखडा प्रसिद्ध झाला, त्यानंतर हे शक्य झाले, आणि डोळ्यांच्या अंदाजापेक्षा ते पुष्कळ भरवशाचे आहे. परंतु तपासणी म्हणजे ताडून पाहणे. कंपनीजवळ ज्या जातींचे नमुने असतील त्यांच्याशीच ती ताडून पाहणार. त्या यादीत कारवानी नसेल, गावठी नसेल, तर त्यांचा वाटा जवळच्या दुसऱ्या कोणाच्यातरी खात्यावर पडावयाचा. आमच्या लोकांना हे समजावून सांगावे लागत नाही. हजेरीपटावर ज्याचे नाव नाही त्याने दिवसभर पोती वाहिली, तरी मजुरी दुसऱ्याच्या नावावर जाते, हे त्यांनी भोगलेले आहे.

कोणी म्हणेल, ठरले चुकीचे नाव, बिघडले काय? बिघडते. १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पत्र पाठवून तेवीस जातींच्या कुत्र्यांना हिंस्र ठरविले व त्यांच्या विक्रीचे आणि पाळण्याचे परवाने देऊ नयेत असे सांगितले. चावे होतात, माणसे दगावतात, हे खोटे नाही. सरकारला काहीतरी केले पाहिजे हेही आम्हाला मान्य आहे. पण त्या पत्रात या जातींच्या संकरांनाही गोवलेले होते. संकर आहे हे ठरविणार कोण? गावातला जमादार? शेजारी? ज्याचे मालकाशी बांधावरून भांडण आहे तो? नऊशे जाणत्यांना वीस कुत्र्यांचे नीट सांगता आले नाही, तेथे हे काम पंचनाम्याने होणार काय? एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने संबंधितांचे म्हणणे ऐकले नाही या कारणास्तव ते परिपत्रक रद्द केले. जात पाहून स्वभाव ठरविण्याचेही फारसे खरे नाही. २०२२ साली अमेरिकेत अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारून व दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचे जनुक तपासून असे निघाले की, एकेका कुत्र्याच्या वागण्यात जो फरक दिसतो त्यापैकी सुमारे नऊ टक्केच जातीवरून सांगता येतो. उरलेला पाळण्यावर, बांधण्यावर, उपाशी ठेवण्यावर आणि ज्याच्या-त्याच्या स्वतंत्र स्वभावावर.

हीच सवय माणसांच्या बाबतीत किती महाग पडली, तेही थोडक्यात सांगतो. तुलना माणसाची कुत्र्याशी नाही, मोजणाऱ्याच्या सवयीची आहे. १९०१ च्या शिरगणतीचे आयुक्त रिस्ले यांनी नाकाची रुंदी मोजून असा सिद्धान्त मांडला की, जसे नाक रुंद तशी सामाजिक पायरी खालची. मोजपट्टी हातात असली म्हणजे शास्त्र झाले, असे त्या काळी पुष्कळांना वाटले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात नाकाचीच मापे तपासली आणि दाखवून दिले की, या मापांवर विश्वास ठेवायचा तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. मोजणाऱ्यांचेच आकडे त्यांनी मोजणाऱ्यांपुढे ठेवले. आजही हमालांच्या अड्ड्यावर नवा माणूस आला की, त्याचा चेहरा न्याहाळून “कुठला? कोणाचा?” असे विचारणारे आहेत. आम्ही त्यांना पाठीवर किती किलो पेलतो तेवढे विचारावयास सांगतो.

पुन्हा कुत्र्याकडे. सर्वांत घातक अंदाज चाव्याच्या वेळेला बांधला जातो. मागल्या वर्षी आमच्या वस्तीत एका गाडीवाल्याच्या मुलाला पोटरीला कुत्रा चावला. जमलेल्या मंडळींनी जखमेकडे पाहण्याआधी कुत्र्याकडे पाहिले. “अर्धा अल्सेशियन आहे, हा पिसाळणारा नव्हे,” असा एकाने निर्वाळा दिला. दुसऱ्याने हळद-चुना आणला. मुलाच्या आईने कोणाचे ऐकले नाही. तिने मुलाला नळाखाली धरले आणि साबण लावून पंधरा मिनिटे जखम धुतली. नंतर सरकारी दवाखान्यात नेऊन लस सुरू केली, आणि ठरलेल्या तारखांना सगळी इंजेक्शने पुरी केली. जखम खोल असेल तर लसीबरोबर आणखी एक औषध जखमेत टोचावे लागते, तेही मागून घ्यावे. पाश्चरने १८८५ साली ही लस प्रथम माणसाला दिली, तेव्हापासून वेळेत टोचून घेतलेली माणसे वाचत आली आहेत. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर मात्र जवळजवळ कोणी वाचत नाही. या रोगाचा विषाणू वंशावळ वाचत नाही. बंगल्यातल्या कुत्र्याला लस टोचलेली नसेल तर तोही तितकाच संशयास्पद.

तेव्हा कुत्र्याच्या कानाकडे पाहायचेच असेल तर आम्ही सांगतो त्या गोष्टीसाठी पाहा. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे मोकळ्या कुत्र्याची नसबंदी करून, त्याला पिसाळीची लस टोचून, पुन्हा त्याच्याच जागी सोडावयाचे असते, आणि ओळखीसाठी त्याच्या कानाला खाच पाडलेली असते. अंगावरची ही एक खूण अशी आहे की, तिच्यावरून काही कामाचे कळते. भांडणात फाटलेला कान आणि खाच यांत घोटाळा होऊ शकतो. पण खाच सरळ कापलेली असते, दाताने फाटलेला कान वेडावाकडा असतो. आमच्या फाट्यावर अशी खाच असलेली कुत्री फार थोडी दिसतात. मोजून पाहिली तर कोणत्या ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत हे काम झाले व कोठे नुसते कागदावर राहिले, ते आपल्याला बाकावर बसल्या-बसल्या कळेल. त्या मोजणीला कारवानी कोण आणि अल्सेशियन कोण, हे ठाऊक असण्याची गरज नाही.

बाजारातून पिल्लू घेणाऱ्यांना एवढेच सांगतो की, आई पाहा आणि बापही पाहा. बाप दाखविता येत नसेल तर गावठीच्या भावाने मागा. आमच्या त्या हमालाचा कुत्रा आज चार वर्षांचा आहे. त्याची पिल्ले कारवानीच्या दराने कोणी घेत नाही, आणि तो मागतही नाही. शेतात रानडुकरे मात्र त्याच्या आवाजाने येत नाहीत. सध्या खिचडीच्या हॉटेलामागे एका कुत्रीला पाच पिल्ले झाली आहेत. दोन तांबडी, दोन काळी, एक ठिपक्यांचे. आठ आठवड्यांची झाली की ज्यांना हवी असतील त्यांनी न्यावीत. पैसे पडणार नाहीत. पहिली लस टोचण्याचे तेवढे कबूल करून न्यावीत. बाप कोण, ते मात्र आम्हाला विचारू नये.